बोलण्याचा फासा

२ मार्च, शनिवार

फासा काढून घेतला! माझ्या हातातून! मी वीस बाजूंचा फासा मुठीत घोळवत होते, टाकणारच होते, आणि दादाने हात पुढे करून तो उचलला आणि आपल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवून दिला. म्हणाला, "आजपासून बोलण्याला फासा नाही. बोलायचं. तोंडातून जे येईल ते खरं."

सगळ्यांच्या देखत. वकीलसाहेब तर खूश! "वा सूत्रधार! आता कुठे नाटकाला रंग चढेल!"

आज शनिवारच्या गोष्टीच्या खेळात माझ्या राजदूताचा दिवस होता. कित्येक शनिवार वकीलसाहेबांचा लोहार दारं फोडतोय, वहिनीची चोरटी कुलपं उघडतेय, रुग्णालयातल्या सिस्टरची वैद्यीण जखमा बांधतेय, आणि मी मुकाट्याने वाट बघतेय या पुलाची. नदीच्या अलीकडे गावच्या गाव पळून आलेलं, मागून फौज, आणि पूल राखणारा सरदार फाटक उघडायला तयार नाही. त्याला बोलून वळवायचं. त्यासाठीच तर मी राजदूत घेतली! वाक्चातुर्य अठरा. तिच्या कागदावर बाकी सगळे आकडे लाजिरवाणे आहेत. ताकद एवढीशी, चपळाई त्याहून एवढीशी. होतं नव्हतं ते सगळं जिभेवर लावलं मी.

आणि दादा सरदार होऊन, भुवया चढवून: "बोला, राजदूत."

बोलले. म्हणजे — "स-स-स—". सरदार हा शब्दच मुळी 'स'ने सुरू होतो, आणि 'स' माझा वैरी. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. ते कपात बघणं मला चांगलं ओळखीचं आहे. शाळेत वह्यांत बघायचे.

मग दादा, नेहमीसारखा, माझ्या मदतीला धावून: "तुला म्हणायचंय का, सरदार, आमच्यावर दया करा?"

नाही! दया नको होती मला! मला विचारायचं होतं — अलीकडे माणसंच उरली नाहीत, तर उद्या हा पूल तू कुणासाठी राखणार? डोक्यात ते वाक्य लखलखत होतं. घासून, पुसून, तयार. ओठापाशी येऊन बसलं आणि तिथेच राहिलं.

तेवढ्यात वकीलसाहेब उठले. त्यांच्या लोहाराचं वाक्चातुर्य सहा. सहा! ज्याला धड रामराम करता येऊ नये, अशा लोहाराने काय भाषण ठोकलं! सरदार विरघळला. फाटक उघडलं.

माझा पूल लोहाराने उघडला.

३ मार्च, रविवार

झोप झाली, राग नाही झाला.

लोकांना वाटतं, दुसऱ्या कुणाचं सोंग घेतलं की अडखळणं जातं. "पात्रात शिरलीस की बघ कशी घडाघडा बोलशील!" वहिनीही एकदा म्हणाली होती, प्रेमाने. जात नाही. गाताना जातं. एकटी असताना, भिंतीशी बोलताना जातं. पण टेबलाभोवती चार माणसं बसली आणि माझ्याकडे वळली की राजदूत असो की राणी, गळा माझाच असतो.

मग मी खेळते कशाला? एकदा आईनेही विचारलं होतं. तिला सांगितलं — सूत्रधार गोष्ट सांगतो, आपण तिच्यातली माणसं व्हायचं, काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. आई म्हणाली, "एवढी मोठी माणसं आणि बाहुल्या खेळता?" हो. खेळतो.

खरं कारण तिला नाही सांगितलं. खरं कारण असं, की जगाच्या पाठीवर ती एकच जागा आहे जिथे मी चांगली बोलणारी आहे. कागदावर लिहिलंय तसं. अठरा. मी म्हणायचं, "राजदूत त्याला अमुक पटवून देते," फासा गडगडायचा, अठराच्या आत पडला की झालं — पटलं! आणि दादा तिच्या बोलण्याचं वर्णन करायचा, सभा कशी स्तब्ध झाली, म्हातारा मंत्री कसा डोळे पुसायला लागला. ऐकताना अंगावर काटा यायचा. माझ्याच बोलण्याने!

ते काढून घेतलंन.

५ मार्च, मंगळवार

कामावर एक कवळी मोडली माझ्या हातून. वरची. मेणातले दात इतके सुरेख बसवले होते, आणि गरम सुरी जरा जास्त टेकली — पुढचे चार ढासळले. पुन्हा लावले. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बसणारे दात घडवायचे आणि आपल्या तोंडाने दगा द्यायचा. जाऊ दे. असल्या कोट्या मला आवडत नाहीत, लोक करतात म्हणून तर अजिबातच नाही.

पॉलिशवाल्या काकांनी विचारलं, "आज गाल का फुगलेत?" काका आमच्याकडे सगळ्यात जुने. मोटरवर कवळ्या चकचकीत करतात, त्या आवाजात कुणाचंच बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याशी बोलायला मला बरं वाटतं. सगळेच तिथे दोनदा सांगतात.

त्यांना पुलाची गोष्ट सांगितली. पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "पण माणसं पार झाली ना?"

झाली. तो मुद्दा नाही!

९ मार्च, शनिवार

आज जे झालं ते झालं. लिहून काढते, नाहीतर डोक्यात तिडीक जाईल.

पुलापलीकडच्या गढीचा दरवाजा. ओक लाकडाचा, लोखंडी पट्ट्यांचा. वकीलसाहेब म्हणाले, "माझा लोहार खांदा लावून फोडतो." दादा म्हणाला, "टाका फासा." टाकला. फुटला दरवाजा. वा, वा.

मी म्हणाले, "उ-उठा."

"काय?" वकीलसाहेब.

"उठा. तो द-द—" अडकलं. दादा म्हणाला, "दिवा लावायचाय?" मी हाताने त्याला गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा. तळहात त्याच्या तोंडासमोर धरला आणि माझा शब्द यायची वाट बघत राहिले. वेळ लागला. लागू दे. "तो दरवाजा आहे तिथे. दादाच्या घराचा. लावा खांदा. फ-फोडा."

वकीलसाहेब हसले. हसताना गुडघा चोळत होते. जिना चढून आले की अर्धा तास तो गुडघा चोळतात. बिचारे वर येताना वहिनीच्या हाताचा आधार घेतात.

म्हटलं, "तुम्हाला दार फोडता येत नाही. तरी तुमचा लोहार फोडतो. कारण त्याच्या कागदावर ताकद सतरा आहे. मग माझ्या राजदूताच्या कागदावर अठरा आहे ते काय — शोभेला?" हे एवढं म्हणायला किती वेळ लागला ते देव जाणे. सिस्टरने कपात पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, सरळ. तेवढी एकटीच.

दादा म्हणाला, "ते वेगळं. ताकद म्हणजे ताकद. बोलणं म्हणजे खेळाचा आत्मा. सारखे फासेच टाकायचे तर सापशिडी खेळू की!"

"आणि नुसतं बोलायचंच, तर व-वक्तृत्व स्पर्धा भरव. बक्षीस देऊन टाक वकीलसाहेबांना."

वहिनी हसली. दादाने तिच्याकडे बघितल्यावर थांबली.

मग दादा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. आवाज खाली. "अगं, मी हे तुझ्यासाठीच केलं. कळत कसं नाही तुला? तुला सवय व्हावी म्हणून. घरातली माणसं, चार ओळखीचे, इथे नाही बोललीस तर कुठे बोलणार? बाहेर कोण फासा देणार आहे तुला?"

तुझ्यासाठीच! म्हणजे सगळ्यांचा खेळ मोडून माझं औषध करायला निघालाय. मला न विचारता. आणि औषध कुठलं, तर नेमकं तेच, जे मी जन्मभर सगळीकडे पितेच आहे — बँकेत, दवाखान्यात, रिक्षावाल्यासमोर.

म्हटलं, "म्हणूनच इ-इ—"

"म्हणूनच इथे यायला नको वाटतं?"

"म्हणूनच इथे हवाय!" मी ओरडले. "बाहेर कुणी देत नाही म्हणूनच इथे हवाय!"

पर्समध्ये राजदूताचा कागद घातला आणि निघाले. जिन्यात चप्पल पायातून निसटली, ती हातात घेऊन उतरले. परत वर जाऊन नीट घालायची सोय नव्हती, इतकी दणक्यात निघाले होते.

१० मार्च, रविवार

आईचा फोन. दादाने सांगितलंच असेल. "अगं, तुझ्या भल्याचंच बघतो तो. लहानपणी तुझ्यासाठी वाण्याकडे कोण बोलायचं? शाळेत तुझ्या वतीने कोण बोलायचं?"

तोच. मान्य आहे. दोन इयत्ता पुढे असून मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात येऊन बसायचा. मी तोंड उघडायच्या आत माझं वाक्य बोलून टाकायचा. निम्म्या वेळा चुकीचं. मला पेन्सिल हवी असायची, तो खोडरबर मागायचा. मी घरभर नको असलेले खोडरबर घेऊन मोठी झाले.

आई म्हणाली, "सॉरी म्हण आणि जा शनिवारी."

मी सॉरी म्हणणार नाही. 'स' आहे त्यात, हे एक. आणि माझी चूक नाही, हे दुसरं.

१६ मार्च, शनिवार

गेले नाही.

दुपारी कपाट आवरलं. मग परत विस्कटलं. तिकडे आता गढीच्या आत काय चाललं असेल? माझी राजदूत कुठे आहे म्हणून सांगितलं असेल दादाने? तापाने पडलीय? की मारूनच टाकली?

मारू दे बघू!

१७ मार्च, रविवार

सिस्टर आली होती. रुग्णालयातून परस्पर, पायातले पांढरे बूटसुद्धा तसेच. म्हणाली, "चहा टाक, पाय गेलेत माझे." आणि मग, बशीत ओतता ओतता: "राजदूत मंदिरात विश्रांती घेतेय, असं सांगितलं काल. दोनदा सांगितलं. सूत्रधाराचं लक्ष लागत नव्हतं."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"मला एक सांग," सिस्टर म्हणाली, "तू का नाही होत सूत्रधार?"

मला ठसकाच लागला. सूत्रधार! जो सगळ्यात जास्त बोलतो तो! गावातला भिकारीसुद्धा तोच, राजाही तोच, वादळसुद्धा त्यानेच करून दाखवायचं!

"मला द-दिवस पुरायचा नाही," म्हटलं.

"मला कुठे घाई आहे? माझे पेशंट एक घोट पाणी प्यायला जितका वेळ लावतात, तितक्यात तुझी तीन वाक्यं होतात."

ती गेल्यावर बराच वेळ बशी तशीच धरून बसले होते.

२० मार्च, बुधवार

ठरलं. करणार! कामावर शनिवारी अर्धा दिवस असतो, दुपारी आमची जेवणाची खोली रिकामी असते. मालकीणबाईंना विचारलं. "आवाज नको आणि टेबल पुसून ठेवा," एवढंच म्हणाल्या. सिस्टर येणार. पॉलिशवाले काकाही येतो म्हणाले. त्यांना फक्त एकच शंका — "मला मरावं लागेल का?" नाही काका. लगेच नाही.

२३ मार्च, शनिवार

फजिती.

प्लास्टरच्या साच्यांच्या रांगेखाली आम्ही तिघं. मी ठरवून ठेवलं होतं — प्रत्येक गोष्टीला फासा. कुणाच्या जिभेची मेहेरबानी नको, कुणावर अन्याय नको. माझंही बरं, मला कमी बोलायला लागेल.

गोष्ट अशी: नदीकाठचं गाव, आणि रातोरात नावाड्यांनी होड्या बंद ठेवल्यात. का ते शोधायचं.

सिस्टर: "मी नावाड्याला विचारते."
मी: "टाक फासा." आकड्याच्या आत पडला. "त्याने सांगितलं."
काका: "मी पाटलाला विचारतो."
मी: "टाका." आत पडला नाही. "नाही सांगितलं."

असं तासभर! खडखड, खडखड. काका जांभया लपवत होते. शेवटी सिस्टरने फासा खाली ठेवला आणि म्हणाली, "रागावू नकोस. पण ही तर ताप मोजल्यासारखी नोंद झाली. गोष्ट कुठंय?"

रागावले. पण ती गेल्यावर. आणि तिच्यावर नाही.

दादा सापशिडी म्हणाला होता. सापशिडीच झाली. मेल्याचं तेवढं खरं निघावं!

२४ मार्च, रविवार

सबंध दिवस डोकं लढवलं.

नुसतं बोलणं ठेवलं तर वकीलसाहेब जिंकतात. नुसता फासा ठेवला तर कुणीच जिंकत नाही, कारण काही घडतच नाही. पण त्या दिवशी पुलापाशी माझ्याकडे काय होतं? फासा नव्हता आणि जीभ नव्हती. पण वाक्य होतं! अलीकडे माणसं उरली नाहीत तर पूल कुणासाठी राखणार — हे मला सुचलं होतं. ते माझं होतं. सरदाराच्या मर्मावर बोट होतं ते. दादाने ते ऐकायची वाट बघितली नाही, आणि जुन्या नियमाने फासा टाकला असता तरी ते वाक्य कुणाला कळलं नसतंच. पूल उघडला असता, पण का उघडला ते माझ्या पोटातच राहिलं असतं. इतके शनिवार हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

तेव्हा — काय म्हणायचंय ते खेळणाऱ्याचं. कसं म्हटलं ते पात्राचं. मुद्दा माणसाने आणायचा, वाणी कागदावरची. मुद्दा मर्माला लागला तर फासा सोपा करायचा, आकड्याला दोन-चार जोडून. उगाच काहीतरी बोललं तर अवघड. आणि मुद्दा सांगायचा कसाही! अडखळत, चिठ्ठीवर लिहून, 'माझा माणूस त्याला असं असं म्हणतो' एवढंच, किंवा नुसत्या खुणेने. भाषण ठोकल्याचे जादा गुण शून्य. शून्य!

आणि एक शेवटचा नियम, जो कुठल्याही खेळात मी पाहिलेला नाही. दुसऱ्याचं वाक्य पुरं केलं, तर आपली पाळी गेली.

३० मार्च, शनिवार

झालं! झालं, झालं, झालं!

काकांनी आज काय केलं! नावाड्यांचा मुकादम बोलायला तयार नाही. काका मोटरसमोर आयुष्य काढलेला माणूस, भाषण कुठून करणार? विचार करकरून म्हणाले, "माझा माणूस काही बोलत नाही. त्याच्याशेजारी बसतो आणि त्याचं जाळं विणू लागतो. फाटलंय ना ते?" मी जाळं फाटल्याचं मघाशी ओझरतं सांगितलं होतं, त्यांनी ते उचललं! मी म्हटलं, "आकड्याला च-चार जोडा." फासा आत पडला. आणि मुकादम बोलायला लागला.

म्हणजे मी बोलायला लागले. मुकादम झाले. अडखळले ना, भरपूर अडखळले. तर माझा मुकादम अडखळणारा आहे, असं ठरवून टाकलं. मग पाटीलही. मग देवळातली म्हातारीही. काका म्हणाले, "या गावात सगळेच असे बोलतात का?" मी म्हटलं, "हो. हीच इथली भ-भाषा." सिस्टर इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. मीही. माझ्या अडखळण्यावरून मी असं कधी कुणाबरोबर हसल्याचं मला आठवत नाही.

कुणी माझं एकही वाक्य पुरं केलं नाही. नियमच आहे!

३ एप्रिल, बुधवार

वहिनी जेवणाच्या सुट्टीत हजर. इकडचं तिकडचं बोलली, साचे हातात घेऊन बघितले, "ई, हे कुणाचे दात?" वगैरे. मग मुद्द्यावर आली. "आमच्याकडे आता वकीलसाहेब खेळतात आणि आम्ही चहा पितो. माझ्या चोरटीला दोन शनिवार तोंड उघडायला मिळालं नाही. तुझ्याकडे जागा आहे का?"

"दादा?"

"त्याला सांगून आलेय." मग थांबून: "तो हल्ली गप्प असतो गं. दुकानात दिवसभर सोफे विकून येतो आणि घरी मिटून बसतो."

मी म्हटलं, बसू दे.

६ एप्रिल, शनिवार

आज चौघं. वहिनीने काकांचं वाक्य पुरं केलं, पाळी गेली, भांडली, मग मानली.

१० एप्रिल, बुधवार

सुटल्यावर बाहेर पडले तर फाटकाशी दादा. स्कूटर स्टँडवर लावून, हेल्मेट काखेत. दाढी वाढलेली.

"टेबल बंद केलं मी," म्हणाला. "वकीलसाहेबांना म्हटलं, तुम्ही एकटेच बोलता. ते म्हणाले, नियम तुमचाच आहे."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मस्त आनंद झाला.

"मला येऊ दे तुझ्याकडे," दादा म्हणाला.

"अटी आहेत."

"तुझ्या वहिनीने सांगितल्यात."

"तिने सांगितल्या. मी स-स-स—" त्याचे ओठ हलले. मी बघितलं. शब्द त्याच्या तोंडात तयार होता, माझ्यासाठी, ताटात वाढून. पण त्याने तो दिला नाही. हेल्मेटचा पट्टा मुठीत आवळून उभा राहिला. घामाघूम. मी मुद्दाम घाई केली नाही. "—सांगितल्या नाहीत. सूत्रधार मी. बोलण्याला फासा आहे. माझं औषध करायला यायचं नाही. खेळायला यायचं."

"बरं."

"आणि त्या दिवशी फासा हातातून घेतलास, तो परत दे."

खिशातच होता! काढून दिला. हसू यायला लागलं मला, पण आवरलं. इतक्यात सोडणार नाही त्याला.

१३ एप्रिल, शनिवार

दादा आला. टेबलाच्या टोकाला, पाहुण्यासारखा बसला. पात्र घेतलं ते नावाड्याचं — सगळ्यांना वाटलं गाणारा भाट किंवा नट घेईल! वाक्चातुर्य पाच. "पाच कशाला?" वहिनीने विचारलं. "असू दे," म्हणाला.

आणि मग अर्ध्या तासात माझं वाक्य पुरं केलंच! मी वादळ सांगत होते — "आणि न-न—" "नदीला पूर आला," दादा. सिस्टरने खाकरून दाखवलं.

"पाळी गेली," मी म्हणाले.

"अगं, पण तेच म्हणायचं होतं ना तुला?"

"नाही. नाव उलटली. तुझी."

काका टेबलावर थाप मारून हसले. दादाचा नावाडी सबंध एक फेरी पाण्यात गटांगळ्या खात राहिला आणि दादा हात बांधून बघत राहिला. सिस्टरने दोरी फेकेपर्यंत!

असं समाधान मला पगारवाढीनेही झालं नव्हतं.

२० एप्रिल, शनिवार

दादाने आज एकदाही कुणाला तोडलं नाही. पण स्वतःही फारसं बोलला नाही. "माझा माणूस वल्हवतो." "माझा माणूस बांधतो." बस. जाताना म्हणाला, "अवघड आहे गं तुझं टेबल." म्हटलं, कुणी सांगितलं सोपं आहे म्हणून?

२७ एप्रिल, शनिवार

दादाची पाळी होती. घाटावरच्या पहारेकऱ्याला थांबवायचं, एवढंच. "माझा माणूस काय म्हणतो, ते मी सांगू का त्याच्याच तोंडून?" त्याने विचारलं. सांग ना. त्याने तोंड उघडलं, आणि "प-प-प-प—"

माझं डोकं सणकलं! माझी नक्कल! माझ्याच टेबलावर, माझ्यासमोर! मी उठलेच होते. मग त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे गच्च मिटलेले, जबडा एका अंगाला ओढलेला, मानेची शीर तटतटून वर आलेली. ते करून दाखवता येत नाही. मला विचारा. वहिनीने हातातलं पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनेही हे पाहिलं नव्हतं, तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी खाली बसले. कुणी कपात बघितलं नाही. आम्ही थांबलो.

"—पहारेकरी. थांब." डोळे न उघडताच पुढे म्हणाला, "लहानपणापासून. अडणार असं वाटलं की मी शब्द ब-बदलतो. दुसराच बोलतो. आज नाही बदलला." आणि मग, माझ्याकडे बघून: "तू अडलीस की मला ते ऐकवत नसे गं."

फासा त्याच्यापुढे सरकवला. टाकला त्याने. सतरा. त्याच्या नावाड्याला पाचाच्या आत हवा होता.

"नाही थांबला पहारेकरी," मी म्हणाले. नियम म्हणजे नियम.

दादा हसायला लागला.